कच्चे मडके

एखाद्या अननुभवी माणसाविषयी बोलताना 'ते अजून कच्चे मडके आहे' असे आपण सहज म्हणून जातो. या शब्दांत थोडी थट्टा असते आणि थोडा कमीपणाही असतो. हे शब्द ऐकले की मराठी माणसाला संत गोरा कुंभार यांची आख्यायिका आठवते. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी एकदा संतमंडळी जमली होती. कोपऱ्यात पडलेल्या लाकडी थापटण्याकडे पाहून मुक्ताबाईंनी विचारले, "काका, हे कशासाठी?" गोरोबा म्हणाले, "मडके कच्चे की पक्के, हे याने थापटून कळते." "मग आमच्यापैकी कोणते मडके कच्चे आहे, तेही पाहा," असे मुक्ताबाई म्हणाल्या. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले. सर्व संत शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. "हे मडके कच्चे आहे," असा निवाडा गोरोबांनी दिला.

ही कथा पुष्कळांना येथपर्यंतच ठाऊक असते. परंतु तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना त्यांनी गुरू केले. पुढे त्यांची कीर्ती पंजाबपर्यंत पोहोचली आणि शिखांच्या ग्रंथसाहेबातही त्यांच्या रचनांना स्थान मिळाले. कच्चे ठरलेले मडके असे पक्के झाले. तेव्हा कच्चेपणा हा दोष म्हणावा की केवळ एक अवस्था म्हणावी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी खरोखरीचे मडके कसे घडते, ते पाहिले पाहिजे.

खेड्यातील मुलांना ते पाहणे पूर्वी सोपे होते. गावोगावी कुंभाराचे घर असे. बारा बलुतेदारांपैकी तो एक. गावाला मडकी, रांजण, पणत्या, सुगडे पुरवावीत आणि सुगीला शेतकऱ्याकडून धान्य घ्यावे, अशी त्याची रीत होती. शाळेतून परतणारी मुले त्याच्या अंगणात थांबत आणि फिरत्या चाकावर मातीचा गोळा उंच होताना पाहत. मोठ्या शहरातील मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पायाखाली घरात फरशी, रस्त्यावर डांबर आणि शाळेच्या आवारात सिमेंट असते. हाताला माती लागलीच तर ती धुऊन टाकण्याची घाई असते. अशा मुलांना मातीची ओळख व्हावी तरी कशी?

आश्चर्य असे की, मुंबईसारख्या महानगरातच अलीकडे मातीची भांडी घडविण्याचे वर्ग अनेक भागांत चालू झाले आहेत. ते नवशिक्यांसाठी असतात. कारखान्यात किंवा दुकानात काम मिळावे म्हणून तेथे फारसे कोणी येत नाही. दिवसभर संगणकासमोर बसणारे, हिशेब लिहिणारे, रुग्णांची शुश्रूषा करणारे असे लोक तेथे येतात, आणि काही शाळकरी मुलेही येतात. आपल्या दोन हातांनी एखादी वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत करावी, एवढीच त्यांची इच्छा असते. अशाच एका वर्गाची हकीकत आपण पाहू.

हा वर्ग आठ रविवारांचा होता. शिकणारे दहाजण. त्यांत बँकेतील एक गृहस्थ होते, एका रुग्णालयातील परिचारिका होती, आणि मावशीचे बोट धरून आलेला बारा वर्षांचा एक मुलगाही होता. शिकविणारे गृहस्थ साठी उलटलेले. घरी गुजराती बोलत. वर्गात मराठी आणि हिंदी दोन्ही चालत. सर्वजण त्यांना 'काका' म्हणत. ते धारावीच्या कुंभारवाड्यातून येत.

या कुंभारवाड्याचा इतिहास मुंबईच्या वाढीशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात सौराष्ट्रातील अनेक कुंभार कुटुंबे पोट भरण्यासाठी मुंबईस आली. त्या काळी घरोघरी पाणी मातीच्या घड्यातच साठवीत, त्यामुळे त्यांच्या मालाला मागणी होती. शहर पसरू लागले, तसतसे भट्ट्यांच्या धुरासह त्यांना शहराच्या कडेला सरकावे लागले. दक्षिण मुंबईत कुंभारवाडा हे नाव आजही ऐकू येते. १९३० नंतरच्या सुमारास कुंभारांची मोठी वस्ती धारावीत स्थिरावली. तेव्हा धारावी म्हणजे शहराबाहेरची दलदलीची जागा होती. आज शीव, माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये ती ऐन शहरात आली आहे. तेथे घरासमोर चौक, चौकात सामायिक भट्टी आणि भट्टीभोवती वाळत घातलेल्या भांड्यांच्या रांगा, असे दृश्य दिसते. पुरुष चाकावर बसतात. स्त्रिया माती कालवितात, पणत्या रंगवितात, भट्टी रचण्यास हातभार लावतात. सारे घर मिळून एक कारखाना असतो.

मुंबईत ही कला केवळ वस्तीतच नव्हे, तर कलाशाळेतही शिकविली गेली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली स्थापन झालेल्या कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मातीची नक्षीदार भांडी घडविण्याचे काम सुरू झाले होते. अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली वेलबुट्टी त्यांवर काढीत. म्हणजे शहरात येऊन माती शिकणे, ही आजचीच हौस नाही.

पहिल्या रविवारी सर्वांची नजर चाकाकडे लागली होती. काकांनी मात्र चाकावर कापड झाकून ठेवले होते. त्यांनी प्रत्येकापुढे मातीचा एक गोळा ठेवला आणि म्हणाले, "आज फक्त माती मळायची." दोन तास सारे माती मळत होते. कणीक तिंबावी तशी तळहाताच्या टाचेने ती दाबायची, दुमडायची, फिरवायची आणि पुन्हा दाबायची. मधून मधून तारेने गोळा कापून आत हवेचे बुडबुडे आहेत का, ते पाहायचे.

हा खटाटोप कशासाठी, असे त्या मुलाने विचारले. त्याचे उत्तर समजण्यासाठी माती म्हणजे काय, ते समजले पाहिजे. डोंगरावरचे खडक ऊन, वारा आणि पाऊस यांनी हजारो वर्षे झिजत असतात. त्यांतील काही खनिजे बदलत जाऊन अत्यंत बारीक कण तयार होतात. एका मिलिमीटरचे पाचशे भाग केले, तर त्यांतील एका भागाहूनही हे कण लहान असतात. आकाराने ते चपट्या पत्र्यांसारखे असतात. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर असला की, ते एकमेकांना चिकटून राहतात आणि तरीही एकमेकांवरून घसरू शकतात. म्हणूनच ओली चिकणमाती दाबली की वळते आणि सोडली की वळलेली राहते. वाळूच्या अंगी हा गुण नाही. माती नीट मळली म्हणजे पाणी सर्वत्र सारखे पसरते आणि आत कोंडलेली हवा निघून जाते. न मळलेली माती चाकावर एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला घट्ट लागते. मग बोटांना तिचा अंदाज येत नाही.

गावचा कुंभार मातीत घोड्याची लीद किंवा राखही मिसळतो. शहरातील मुलांना हे ऐकून किळस वाटेल. परंतु त्यामागे मोठे शहाणपण आहे. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी भांड्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात. माठातील थोडे थोडे पाणी या छिद्रांतून झिरपून बाहेर येते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते माठातूनच घेते, म्हणून आतले पाणी थंड राहते. वैशाखाच्या उन्हात माठातील पाणी गार का लागते, याचे उत्तर असे त्या लिदीत दडलेले असते.

दुसऱ्या रविवारी बँकेतील गृहस्थ जरा त्रासूनच म्हणाले, "काका, आज तरी चाक मिळेल ना? आठांतला एक रविवार तर मळण्यातच गेला." काका हसले, पण चाक उघडले नाही. त्या दिवशी त्यांनी चाकाशिवाय भांडे करण्यास शिकविले. गोळ्यात अंगठा रुतवून, बोटांनी कडा चिमटीत चिमटीत वाटी करायची. नंतर मातीच्या लांब वळ्या करून त्या एकावर एक रचायच्या आणि सांधे बोटाने बुजवून पेला उभा करायचा. माणसाने चाकाचा शोध लावण्यापूर्वी हजारो वर्षे अशीच भांडी केली. या कामात एक गोष्ट मुलाच्या ध्यानात आली. वाटीची भिंत कोठे जाड आणि कोठे पातळ आहे, हे डोळ्यांना दिसत नव्हते. ते बोटांनाच कळत होते.

तिसऱ्या रविवारी चाकावरचे कापड निघाले. ते विजेवर चालणारे चाक होते. गावाकडचे जड चाक दांड्याने फिरवून वेग देतात. येथे पायाखालची कळ दाबली की चाक फिरे. काकांनी गोळा चाकाच्या मध्यावर आपटला, हात ओले केले आणि कोपरे मांड्यांवर टेकून दोन्ही तळवे मातीवर ठेवले. डगमगणारा गोळा क्षणात शांत झाला. तो फिरतो आहे की थांबला आहे, हेही कळेना. मग अंगठे आत गेले, खळगा पडला, भिंत वर चढली आणि तीन मिनिटांत घडा तयार झाला. बघणाऱ्यांना वाटले, हे तर सोपे आहे!

नंतर एकेकाची पाळी आली. परिचारिकेचा गोळा चाकावरून घसरून खाली पडला. बँकेतील गृहस्थांच्या घड्याची भिंत वर चढली, एका बाजूला कलली आणि ओल्या कापडासारखी खाली बसली. मुलाचा गोळा तर थांबायलाच तयार नव्हता. तो चाकाबरोबर डुले आणि त्याच्याबरोबर मुलाचे हातही डुलत.

काका त्याच्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "बेटा, चाक हलते म्हणून तू हलू नकोस. कोपर पोटाशी घट्ट धर. तू स्थिर राहा. माती फिरत फिरत तुझ्या हाताशी येईल आणि सरळ होईल."

काकांचे हे बोलणे विज्ञानाला धरून होते. गोळा मध्यावर नसला की त्याची एक बाजू दूरवर फिरते आणि दुसरी जवळून. स्थिर हात मध्ये आला की दूर जाणारी बाजू प्रत्येक फेऱ्यास थोडी थोडी आत ढकलली जाते. अखेरीस सर्व बाजू मध्यापासून सारख्या अंतरावर येतात. हात हलता असला तर तो गोळ्यामागे धावतो आणि चूक तशीच राहते. या क्रियेला 'मध्य साधणे' म्हणतात. पुढचे सारे काम यावर अवलंबून असते. मध्य साधला नाही, तर भांडे उंच होत नाही.

त्या दिवशी दहाजणांपैकी एकाचेही भांडे उभे राहिले नाही. सर्वांचे चेहरे उतरले होते. काकांनी मात्र फसलेले सारे गोळे गोळा केले आणि कोपऱ्यातील पाण्याच्या बादलीत टाकले. "चिंता नको," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी हीच माती पुन्हा तुमच्यासमोर येईल."

आणि खरोखरच तसे झाले. चौथ्या आणि पाचव्या रविवारी तीच माती पुन्हा मळली गेली आणि पुन्हा चाकावर चढली. पाचव्या रविवारी मुलाच्या हाताखाली गोळा एकदाचा शांत झाला. तो काही बोलला नाही. त्याने श्वास रोखून धरला होता. त्याने अंगठे आत घातले आणि एक छोटी, थोडी वाकडी, पण आपल्या पायावर उभी राहणारी वाटी बाहेर आली. बँकेतील गृहस्थांचाही एक पेला त्या दिवशी उभा राहिला.

भांडे उभे राहिले म्हणजे काम संपले, असे नाही. ते सावलीत हळूहळू वाळवावे लागते. पाणी निघून जाते तसतसे मातीचे कण जवळ येतात आणि भांडे आखडते. दहा सेंटिमीटर उंचीचे भांडे वाळून आणि भाजून झाले की साधारण एक सेंटिमीटरने तरी कमी भरते. सर्व भांडे सारखेच आखडले, तर अडचण नसते. कड आधी वाळली आणि तळ ओला राहिला, तर एक भाग आखडू पाहतो आणि दुसरा त्यास तसे करू देत नाही. या ओढाताणीत भांड्यास तडा जातो. मुंबईच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की भांडी वाळण्यास कित्येक दिवस लागतात. कुंभारवाड्यात त्या दिवसांत काम मंदावते. थांबल्यावाचून तेथे गत्यंतर नसते.

बँकेतील गृहस्थांना मात्र थांबवेना. त्यांनी आपला पेला काकांना न विचारताच घरी नेला आणि तो लवकर वाळावा म्हणून खिडकीत भर उन्हात ठेवला. सहाव्या रविवारी ते तो परत घेऊन आले, तेव्हा कडेपासून तळापर्यंत सरळ तडा गेलेला होता. त्यांनी तो काकांपुढे ठेवला आणि मान खाली घातली. मोठ्या पदावरचा, केस पिकू लागलेला तो माणूस त्या क्षणी शाळकरी मुलासारखा दिसत होता.

काकांनी पेला हाती घेतला, उलटा करून पाहिला आणि पाण्याच्या बादलीत सोडला. वाळलेल्या मातीतून बुडबुडे निघाले. थोड्याच वेळात पेल्याच्या कडा सुटल्या, भिंती विरघळल्या आणि तळाशी चिखल उरला.

"पाहिलेत?" काका म्हणाले. "हा कच्चा होता, म्हणून वाचला. भट्टीतून निघाल्यावर फुटला असता, तर त्याची फक्त खापरी उरली असती. आता नवा करा. या खेपेस उन्हाशी घाई करू नका."

या साध्या बोलण्यात एक मोठे सत्य आहे. वाळलेली माती पाण्यात टाकली की पुन्हा माती होते. परंतु भट्टीत उष्णता सुमारे सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली की मातीच्या कणांच्या रचनेतच बांधलेले पाणीही निघून जाते आणि ते कण पुन्हा पूर्वीसारखे होऊ शकत नाहीत. गावाकडच्या आव्यात साधारणतः सातशे ते नऊशे अंशांपर्यंत उष्णता चढते. शहरातील वर्गांत विजेच्या भट्टीत भांडी आधी सुमारे हजार अंशांपर्यंत भाजतात. मग त्यांवर काचेसारखी झिलई येण्यासाठी द्रव लावून कधी कधी बाराशे अंशांहून अधिक उष्णता देतात. एकदा भाजलेले भांडे पाण्यात वर्षभर ठेवले, तरी त्याचा चिखल होत नाही. कच्चे भांडे बदलू शकते. पक्के भांडे टिकू शकते. दोहोंचे गुण निरनिराळे आहेत.

पक्के भांडे किती टिकते, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. संगमनेरजवळ प्रवरा नदीकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले. जमिनीखाली त्यांना तांबड्या रंगाची, काळ्या रेघांनी सजविलेली, चाकावर घडविलेली भांडी सापडली. त्यांत तोटी असलेली भांडीही होती. ती इतकी चांगली भाजलेली होती की, बोटाने वाजविली असता धातूसारखा नाद येई. ती तीन हजार वर्षांहून अधिक जुनी आहेत. पुढे १९६८ पासून १९८३ पर्यंत पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे उत्खनन झाले. त्या काळातील शेतकऱ्यांची घरे, धान्य साठविण्याच्या जागा आणि कुंभाराची भट्टीही तेथे उजेडात आली. त्या लोकांची भाषा आपणांस ठाऊक नाही. त्यांचे नावही कोठे लिहिलेले नाही. परंतु त्यांच्या कुंभाराने मध्य कसा साधला होता, हे खापरीचा तुकडा आजही सांगतो. आणि त्या कुंभाराचेही पहिल्या दिवशीचे गोळे चाकावरून घसरले असतील, यात शंका नाही. ते मात्र सापडत नाहीत. ते केव्हाच मातीस मिळाले.

आठव्या रविवारी विजेची भट्टी उघडली. भट्टीचे दार थंड होईपर्यंत उघडत नाहीत, कारण गरम भांड्यास एकदम गार हवा लागली की ते तडकते. दहाजणांची मिळून वीसएक भांडी आत होती. दोनतीन फुटली होती. बाकीची धड होती. मुलाची वाटी अपेक्षेपेक्षा लहान झाली होती. बँकेतील गृहस्थांचा नवा पेला निघाला. काकांनी तो नखाने वाजविला. खणखणीत आवाज आला. "पक्का," ते म्हणाले. गृहस्थांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

निरोपाच्या वेळी कोणीतरी काकांना विचारले, "तुमची मुलेही हे काम करतात का?" काका म्हणाले, "मुलगा संगणक शिकला. तो ऑफिसात जातो, आणि ऑफिसातली माणसे माझ्याकडे येतात." सारे हसले. काकाही हसले, परंतु त्या हसण्यात थोडा विषादही होता.

मुलांनो, त्या विषादाचे कारण आपण समजून घेतले पाहिजे. वर्गातील माणसाने आठ रविवारांत एक पेला केला आणि तो जिवापाड जपला. कुंभारवाड्यातील माणूस दिवाळीपूर्वी दिवसाला शेकडो पणत्या करतो. त्या पणत्या आपण रस्त्यावर विकत घेतो, तेव्हा रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. त्या भट्ट्यांत सुती चिंध्या आणि कापसाचा कचरा जळतो, त्याचा धूर प्रथम कुंभाराच्याच घरात जातो. एवढे कष्ट करूनही आपल्या मुलाने हेच काम करावे, असे तो म्हणू शकत नाही. धारावीचा पुनर्विकास करण्यासाठी २०२२ साली निविदा काढण्यात आल्या. या पुनर्विकासामुळे आणखी एक प्रश्न त्याच्यापुढे उभा आहे. उंच इमारतीत चांगले घर मिळेल. पाणी, उजेड आणि स्वच्छता मिळेल. त्या सोयींवर त्याचाही हक्क आहे. परंतु माती भिजविण्यास अंगण, भांडी वाळविण्यास मोकळी जागा आणि भाजण्यास भट्टी बारा-पंधरा मजल्यांवर कोठून आणावयाची? घर हवे आणि कामही हवे, हे त्याचे म्हणणे रास्त आहे. धूर न करणाऱ्या भट्ट्या आणि कामासाठी तळमजल्यावरची जागा मिळाली, तर दोन्ही साधू शकेल. यासाठी शहराने त्याच्या कामाचे मोल ओळखले पाहिजे. आणि ज्याने एकदा तरी चाकावर हात ठेवला आहे, त्याला ते मोल सांगावे लागत नाही. बँकेतील ते गृहस्थ त्या वर्षीच्या दिवाळीत पणत्या घेण्यास गेले, तेव्हा त्यांनी विक्रेत्या बाईंना भाव विचारला, सांगितले तितके पैसे दिले, आणि एक पणती हातात घेऊन तिची कड बोटाने चाचपून पाहिली. ती सगळीकडे सारखी होती.

आता आपल्या आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कच्चे मडके म्हणजे वाईट मडके नव्हे. त्यात पाणी साठविता येत नाही, हे खरे. म्हणूनच त्यास पक्के म्हणून बाजारात मांडू नये. परंतु त्यास मोडून पुन्हा घडविता येते, आणि हे भाग्य पक्क्या मडक्यास नसते. तुमचे वय हे कच्च्या मडक्याचे वय आहे. गणित चुकेल, चित्र बिघडेल, भाषण करताना शब्द अडखळतील. त्या वेळी कोणी तुम्हांस कच्चे मडके म्हटले, तर रागावू नका आणि खचूनही जाऊ नका. माती बादलीत टाका, पुन्हा मळा आणि कोपर पोटाशी धरून पुन्हा चाकावर बसा.

अभ्यास

१. गोरोबाकाकांच्या आख्यायिकेचा पुढचा भाग लेखकाला अधिक महत्त्वाचा का वाटतो?

२. कारणे लिहा : (अ) माठातील पाणी थंड राहते. (आ) उन्हात वाळविलेल्या पेल्यास तडा गेला. (इ) माती मळल्यावाचून चाकावर घेत नाहीत.

३. 'हा कच्चा होता, म्हणून वाचला' या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

४. कुंभारवाड्यातील लोकांपुढे कोणता प्रश्न उभा आहे? त्यावर तुम्हांस कोणता उपाय सुचतो?

५. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : मध्य साधणे, मान खाली घालणे, जिवापाड जपणे, पालथ्या घड्यावर पाणी.

६. 'घडा, रांजण, पणती, सुगड, माठ' यांपैकी कोणत्याही दोन भांड्यांचा उपयोग केव्हा व कसा करतात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

७. आपल्या परिसरातील एखाद्या कारागिराचे काम अर्धा तास शांतपणे पाहा. त्याचे हात काय करीत होते, याचे वर्णन दहा ओळींत करा.